भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

7 मार्च 2014, टोकियो. माउंट गॉक्स हा एकेकाळचा बिटकॉइनचा सर्वांत मोठा बाजार. आठवडाभर आधी, 28 फेब्रुवारीला, त्याने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला होता. साडेआठ लाख बिटकॉइनचा पत्ता लागत नव्हता, त्यातले साडेसात लाख ग्राहकांचे. जगभरातल्या सव्वा लाख लोकांचे पैसे बुडाल्यात जमा होते. अशा वेळी कंपनीतल्या माणसांनी जुनी वॉलेट पुन्हा एकदा उघडून बघितली. त्यातलं एक जून 2011 च्या आधी वापरलेलं, जुन्या पद्धतीचं. ते रिकामं आहे असंच सगळे धरून चालले होते. त्यात सुमारे दोन लाख बिटकॉइन निघाले.

पुढे दहा वर्षं कोर्टकज्जे झाले. जुलै 2024 पासून लोकांना नाणी परत मिळू लागली, आणि ती याच सापडलेल्या साठ्यातून. एवढी मोठी कंपनी, एवढा गदारोळ, आणि दोन लाख नाणी एका जुन्या फाईलमध्ये पडून होती. कारण ती फाईल कुणी पुसली नव्हती.

मी पुण्यात गेली अठरा वर्षं बंद पडलेल्या हार्डडिस्कमधून लोकांचे फोटो, दुकानाचे हिशेब, अर्धवट राहिलेले प्रबंध काढून देतो. हा लेख लिहायला बसलो ते एका विनंतीसाठी. तुमच्या माळ्यावर, गॅलरीत, दिवाणाखाली 2009 ते 2017 च्या दरम्यान वापरलेला एखादा संगणक, लॅपटॉप, मोबाइल किंवा पेनड्राइव्ह असेल, तर तो भंगारात देऊ नका. फॉर्मॅट करू नका. घरात त्या काळी इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, आयटीतली मुलगी, नव्या यंत्रांचा नाद असलेला काका असेल, तर त्यांना आधी विचारा. आणि ज्याला विचारायचं तो माणूस आता नसेल, तर त्या वस्तूला तूर्त हात लावू नका.

हे एवढ्या कळकळीने सांगतोय, त्याला कारण आहे. 2014 च्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे संगणक घेऊन आला. "काका, फार स्लो झालाय, नवं विंडोज टाकून द्या." मी नेहमीप्रमाणे विचारलं, काही ठेवायचंय का? तो म्हणाला, गाणी आणि सिनेमे सोडून काही नाही. मी डिस्क पूर्ण फॉर्मॅट केली, नवं विंडोज टाकलं, साडेतीनशे रुपये घेतले. तीन वर्षांनी, 2017 च्या डिसेंबरात, तोच मुलगा दुकानाच्या दारात उभा राहिला. बिटकॉइनचा भाव तेव्हा रोज वर्तमानपत्रात येत होता. होस्टेलच्या खोलीत ग्राफिक्स कार्ड लावून त्याने 2012 मध्ये काही नाणी मिळवली होती आणि पार विसरून गेला होता. तो संगणक मधल्या काळात धाकट्या बहिणीने भरपूर वापरला होता, त्यामुळे जुन्या मजकुरावर नवा मजकूर चढून गेला होता. आम्ही दोघांनी चार दिवस ती डिस्क अक्षरशः चाळली. हाती काही लागलं नाही. तो माझ्यावर चिडला नाही, एक शब्द वावगा बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवशी मी दोन प्रश्न जास्त विचारले असते तर! तेव्हापासून कुठलीही डिस्क पुसण्याआधी तिची प्रत काढल्याशिवाय मी राहत नाही.

वॉलेट म्हणजे पैशाचं पाकीट नव्हे, हा घोळ आधी सोडवला पाहिजे. बिटकॉइन तुमच्या संगणकात नसतंच. कुठल्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची नोंद एका जाहीर खातेवहीत असते आणि तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. 3 जानेवारी 2009 ला पहिलं पान लिहिलं गेलं, तेव्हापासूनची एकही ओळ त्यातून गेलेली नाही. तुमच्याकडे असते ती त्या नोंदीची किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. आपल्याकडे सातबाऱ्याचा कागद हरवला तर तलाठ्याकडून दुसरा उतारा मिळतो. जमीन जागेवर असते, दप्तर सरकारकडे असतं, आणि नाव तुमचं आहे हे सांगणारी माणसंही गावात असतात. इथे तलाठी नाही. किल्ली ज्याच्या हातात, नाणं त्याचं. आणि किल्ली कुणाच्याच हातात नसेल तर ते नाणं त्या खातेवहीत सगळ्यांना दिसत राहतं, पण जागचं हलत नाही.

म्हणून "माझे बिटकॉइन हरवले" असं कुणी म्हणालं की मी त्यांना थांबवतो. नाणी जिथल्या तिथे आहेत. किल्ली कुठे ठेवली होती ते आठवायचं आहे, आणि ते काम घरातच होतं.

न्यूपोर्टचे जेम्स हॉवेल्स अनेकांना ठाऊक असतील. वेल्समधल्या या संगणक अभियंत्याच्या टेबलाच्या खणात दोन हार्डडिस्क होत्या. 2013 मध्ये साफसफाई करताना त्यातली चुकीची डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचऱ्याचा डेपो उकरू द्या म्हणून ते बारा वर्षं नगरपालिकेशी भांडले आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. स्टीफन थॉमस यांचं वेगळंच. 2011 मध्ये बिटकॉइन समजावून सांगणारी एक चित्रफीत केल्याबद्दल त्यांना नाणी मिळाली. आज त्यांच्या 7,002 बिटकॉइनची किल्ली एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये आहे. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. तो पेनड्राइव्ह दहा चुकांनंतर कायमचा मिटतो, आणि आठ चुका होऊन गेल्या आहेत.

वर्तमानपत्रं या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा छापतात, आणि त्या वाचून माणूस हाय खातो. "गेलं ते गेलं" म्हणतो आणि उरलेला संगणकही देऊन टाकतो. म्हणून मला तिसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, आणि ती जरा सविस्तर सांगतो.

युरोपातल्या एका माणसाने 2013 मध्ये 43.6 बिटकॉइन असलेल्या वॉलेटला वीस अक्षरी पासवर्ड लावला. तो त्याने स्वतः रचला नव्हता. रोबोफॉर्म नावाच्या पासवर्ड बनवून देणाऱ्या प्रोग्रॅमकडून घेतला होता. पासवर्ड कुलूपबंद फाईलमध्ये ठेवला आणि ती फाईल खराब झाली. त्याने अमेरिकेतले हार्डवेअर तज्ज्ञ जो ग्रँड यांना साकडं घातलं. वीस अक्षरं अंदाजाने शोधणं शक्यच नाही म्हणून त्यांनी पहिल्यांदा नकार दिला. पुढे ग्रँड आणि त्यांचा जर्मनीतला सहकारी ब्रूनो यांनी त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती शोधून काढून उलगडली. तेव्हा कळलं, की तो पासवर्ड वाटतो तितका अनियमित नाहीच. तो संगणकाच्या घड्याळावरून ठरतो. त्या दिवशी त्या सेकंदाला घड्याळात काय वाजलं होतं ते कळलं, की पासवर्ड तोच पुन्हा निघतो. 2015 मध्ये कंपनीने हा दोष काढून टाकला होता, म्हणजे नव्या आवृत्तीत हा मार्ग बंद. मालकाला नेमका दिवस आठवत नव्हता. पासवर्डमध्ये विशेष चिन्हं होती असं तो सांगत होता, आणि ते चुकीचं निघालं. चिन्हं वगळून, तारखांचा पट्टा वाढवत वाढवत शेवटी जागा सापडली: 15 मे 2013, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी 4 वाजून 10 मिनिटं 40 सेकंद. दहा वर्षांनी वॉलेट उघडलं.

जुनं सॉफ्टवेअर, जुनी फाईल, मालकाची अर्धीमुर्धी आठवण, एवढ्यावर हे झालं. यातलं एक जरी "काय करायचंय ठेवून" म्हणत टाकून दिलं असतं, तर दोघा तज्ज्ञांचे हात बांधले गेले असते.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी चिंचवडहून एक ताई आल्या. सोबत नववीतली मुलगी आणि जुन्या चादरीत बांधलेला संगणकाचा कॅबिनेट. यजमान हिंजवडीला नोकरीला होते. 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. संगणक दोन वर्षं गॅलरीत पडून होता. "दादा, भंगारवाला तीनशे देत होता. मुलगी म्हणाली, आई थांब, बाबांचं यात काहीतरी कॉइन होतं." एवढाच धागा.

झाकण उघडलं तर आत कबुतराची दोन पिसं आणि बोटभर धूळ. 320 जीबीची डिस्क. वीज दिल्यावर ती फिरली, पण मध्येच टक्-टक् असा आवाज करायची. अशा डिस्कवर थेट काही शोधायला जाणं म्हणजे तिचा उरलासुरला जीव घेणं. आधी तिची हुबेहूब प्रत काढायची असते. जे भाग सहज वाचता येतात ते आधी, आजारी भाग शेवटी, मध्ये मध्ये डिस्कला थंड होऊ देत. दुपारी चारला लावलेलं काम दुसऱ्या दिवशी पहाटे संपलं. मग डिस्क बाजूला ठेवून दिली आणि प्रतीवर शोध सुरू केला. वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा नावाचं फोल्डर असतं, विंडोज ते लपवून ठेवतं. त्याच्या आत रोमिंग, त्याच्या आत बिटकॉइन, आणि तिथे 'वॉलेट डॉट डॅट' नावाची जेमतेम शंभर केबीची फाईल. शेवटची तारीख ऑगस्ट 2013.

फाईलला पासवर्ड होता. सप्टेंबर 2011 च्या आधी या फाईलींना पासवर्ड लावायची सोयच नव्हती, ही त्याच्या नंतरची. मी ताईंना म्हटलं, आता काम तुमचं आहे. यजमान पासवर्ड कसे ठेवायचे? त्या म्हणाल्या, मला काय माहीत. मग मुलगी बोलू लागली. वायफायचा पासवर्ड काय होता, लॅपटॉपचा काय होता. हळूहळू ताईंनाही आठवायला लागलं. बँकेचा एक त्यांनीच डायरीत लिहून ठेवला होता. तासाभरात सवय दिसायला लागली: गावाचं नाव, पहिल्या स्कूटरचा नंबर, एखादं चिन्ह.

इथे मराठी घरातली एक अडचण येते, आणि ती परदेशातल्या कुठल्या तज्ज्ञाला सुचणार नाही. गावाचं नाव रोमन लिपीत कसं लिहायचं याला आपल्याकडे नियम नाही. त्या गावाच्या नावात एक 'व' होता आणि शेवटी दीर्घ ई. 'व' ला व्ही की डब्ल्यू? शेवटी आय की डबल ई? पहिलं अक्षर मोठं की लहान? नंबर आधी की नंतर? बीटीसीरिकव्हर नावाचा एक खुला, फुकट प्रोग्रॅम आहे. त्याला असे तुकडे दिले की तो सगळे मेळ घालून बघतो. इंटरनेटची वायर काढून ठेवलेल्या संगणकावर तो लावला. चाळीस मिनिटांनी तो थांबला. 'व' साठी डब्ल्यू होता. ताई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "हो, ते असंच लिहायचे. सासूबाईंच्या पत्रावरही."

वॉलेटमध्ये एक नाणंही पूर्ण नव्हतं. 2013 च्या उन्हाळ्यात पाच-सहा हजारांना एक मिळत असताना त्यांनी थोडंसं घेऊन ठेवलं असणार. पण मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न मिटला. मला ताईंचं ते शेवटचं वाक्य जास्त लक्षात राहिलं आहे.

आठवणीचा एवढासा तुकडा किती कामाचा, ते आकड्यांत सांगतो. 2013 नंतरच्या बहुतेक वॉलेटमध्ये किल्लीच्या जागी बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द लिहून घ्यायला सांगतात. हे शब्द 2,048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात. बारापैकी एक शब्द पुसला गेला असेल आणि तो कितवा हे माहीत असेल, तर 2,048 शक्यता. संगणकाला पापणी लवायच्या आत जमतं. दोन शब्द गेले, तर सुमारे 42 लाख. तेही होतं. बाराही शब्द आहेत पण क्रम विसरलात, तर 47 कोटी 90 लाख शक्यता. चांगला संगणक तेवढंही काढतो. मात्र बाराही शब्द गेले, तर पृथ्वीवरचे सगळे संगणक कामाला लावले तरी उपयोग नाही. म्हणून डायरीचं अर्धं फाटलेलं पान, कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले निरर्थक वाटणारे इंग्रजी शब्द, 5, के किंवा एल ने सुरू होणारी पन्नासेक अक्षरांची लांबलचक ओळ, चौकटी-चौकटींचा क्यूआर कोड छापलेला कागद, यातलं काहीही रद्दीत जाऊ देऊ नका.

एक जुनी प्रत सापडली म्हणून दुसरी टाकू नका, हेही सांगतो. 2010 मध्ये एका माणसाने 9,000 बिटकॉइनमधलं एक नाणं स्वतःलाच पाठवून बघितलं. या व्यवस्थेत उरलेली मोड आपोआप एका नव्या पत्त्यावर परत येते. त्याची किल्ली त्याच्या जुन्या बॅकअपमध्ये नव्हती, आणि चालू फाईल त्याने जपली नव्हती. 8,999 नाणी गेली. पुढे प्रोग्रॅम शंभर किल्ल्या आगाऊ बनवून ठेवू लागला. पण त्या काळातल्या बॅकअपचा भरवसा एवढाच, की जितक्या प्रती सापडतील तितक्या ठेवा. नव्या, जुन्या, सगळ्या.

आणि जुनं वॉलेट उघडल्यावर शून्य दिसलं तर हातपाय गाळू नका. जुना प्रोग्रॅम आधी ती सगळी खातेवही उतरवून घ्यायला बघतो, जी आज 500 जीबीच्या वर गेली आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय शिल्लक दिसत नाही. त्यातला 1 ने सुरू होणारा पत्ता लिहून घ्या आणि खातेवही दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर तपासा. पत्ता दाखवण्यात धोका नाही. किल्ली मात्र कधीच कुठे टंकू नका.

कारण या कामात वाटेवर लुटारू बसलेले आहेत. इलेक्ट्रम हे 2011 पासूनचं चांगलं, प्रामाणिक वॉलेट. पण त्याच्या जुन्या आवृत्तीत एक खोट होती. पलीकडचा सर्व्हर तुमच्या पडद्यावर हवा तो निरोप दाखवू शकत असे. डिसेंबर 2018 पासून भामट्यांनी त्याचा फायदा घेतला. जुना प्रोग्रॅम उघडला की "नवी आवृत्ती घ्या" असा निरोप येई, आणि ती नवी आवृत्ती म्हणजे चोराचा प्रोग्रॅम. ऑगस्ट 2020 मध्ये एका माणसाने 2017 पासून न उघडलेलं आपलं इलेक्ट्रम उघडलं, तो निरोप खरा मानला, आणि 1,400 बिटकॉइन घालवले. इतकी वर्षं जपलेलं एका मिनिटात गेलं. म्हणून जुना संगणक सापडला की पहिलं काम, त्याला इंटरनेट लावू नका. जुना प्रोग्रॅम चालवू नका. डिस्कची प्रत काढा, आणि पुढचं सगळं प्रतीवर.

माणसांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. पुण्यातल्या 2018 च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांच्या मदतीला आलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप हा, की तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधली नाणी त्यांनी परस्पर वळवली. पोलिसांच्या डोळ्यांसमोर असं घडल्याचा आरोप होऊ शकतो, तर फोनवर ओळख झालेल्या माणसाची काय कथा! "तुमचं बुडालेलं क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी एवढी फी भरा" म्हणणारा, बारा शब्द व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणणारा, तुमच्या संगणकाचा ताबा मागणारा, हे सगळे चोर आहेत असं समजूनच चाला. यात पैसे गेलेच तर तासाभराच्या आत 1930 वर फोन करा. माझ्यासारख्याकडे आलात तरी समोर बसून राहा, प्रत तुमच्याच डिस्कवर घ्या, जाताना घेऊन जा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

हे आत्ताच का, असं कुणी विचारेल. बारा-पंधरा वर्षं पडून राहिलेली हार्डडिस्क दर पावसाळ्यात थोडी थोडी मरते. कोकणात आणि गोव्यात तर दमट हवेने तिच्या सर्किटच्या पट्टीला गंज चढतो. पेनड्राइव्ह आणि जुन्या मोबाइलची मेमरी वर्षानुवर्षं विजेविना राहिली की तिच्यातला मजकूर आपोआप विरत जातो. डिसेंबर 2023 पासून गुगल दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकू लागलं आहे, आणि त्या काळातल्या कितीतरी वॉलेटचे बॅकअप लोकांनी स्वतःलाच मेल करून ठेवले होते. तेव्हा कॉलेजच्या दिवसांतलं ते विचित्र नावाचं जीमेल खातं आजच्या आज उघडा आणि त्यात 'वॉलेट', 'बिटकॉइन', 'बॅकअप' हे शब्द शोधा. अँड्रॉइडच्या जुन्या फोनमधलं डाउनलोड फोल्डरही बघा. सॉफ्टवेअरही मागे सरकतंय. 2013 च्या सुमारास घरोघर वापरलं जाणारं मल्टिबिट जुलै 2017 मध्येच बंद झालं. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअरच्या तिसाव्या आवृत्तीत ती जुनी 'वॉलेट डॉट डॅट' थेट उघडतच नाही, आधी नव्या रूपात बदलून घ्यावी लागते. आणि सगळ्यांत आधी विरते ती माणसाची आठवण. पासवर्ड ठेवणारा आज पस्तिशीत आहे, त्याला अजून होस्टेलच्या खोलीचा नंबर आठवतो. दहा वर्षांनी आठवेल?

फॉर्मॅट झालेल्या डिस्कवाल्यांनीही आशा सोडू नये. साध्या हार्डडिस्कवर झटपट फॉर्मॅट केलं असेल आणि नंतर ती फारशी वापरली नसेल, तर किल्ल्यांच्या खुणा तिच्यावर शिल्लक असतात. पायवॉलेटसारखे प्रोग्रॅम सगळी डिस्क पिंजून त्या वेचतात. एसएसडीवर मात्र ही आशा फार कमी. ज्यांनी नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये न घेता एखाद्या बाजारातच ठेवली होती, त्यांची किल्ली त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी जुने मेल आणि बँकेचे उतारे घेऊन त्या कंपनीचा पिच्छा पुरवायचा.

हे सगळं कायदेशीर आहे का, ही धास्ती मला वयस्कर लोकांत फार दिसते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे. नाणी विकलीत तर कर भरा, विवरणपत्रात दाखवा, सीएला आधी विचारा. मेलेल्या माणसाचं वॉलेट असेल तर वारसांनी आपसांत लिहून घ्या. भीतीपोटी डिस्क फोडून टाकलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत. तसं करू नका.

माझी मागणी फार मोठी नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या संगणक विभागांनी वर्षातून एक रविवार ठेवावा. परिसरातल्या लोकांनी जुन्या डिस्क आणाव्यात, आणि मुलांनी त्यांच्यासमोर, इंटरनेट नसलेल्या संगणकावर, त्यांच्या प्रती काढून द्याव्यात. किल्ल्यांना हात लावायचा नाही, फक्त प्रत. मुलांना शिकायला मिळेल, लोकांच्या फाईली वाचतील, आणि कुणाच्या आजोबांचे फोटो निघाले तरी तो रविवार सत्कारणी लागेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत संगणक दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावांनो, फॉर्मॅटचं बटण दाबण्याआधी ॲपडेटामधलं ते बिटकॉइनचं फोल्डर उघडून बघा. गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी बघा. दोन मिनिटं लागतात. आणि अमेरिकेत, इंग्लंडात, दुबईत असलेल्या मुलामुलींनो, तुमची खोली आई-बाबांनी अजून तशीच ठेवली आहे. पण यंदा त्यांना रंग काढायचाय, सामान हलवायचंय, आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं हे विचारायला ते संकोचतात. आज फोन कराल तेव्हा तुम्हीच विचारा, "आई, माझा तो काळा लॅपटॉप कुठे आहे?"

सापडला तर चार्जर लावू नका. कोरड्या कापडाने पुसा, जाड पिशवीत घाला, ओल लागणार नाही अशा कपाटात ठेवा. वर एक चिकटपट्टी लावा. तिच्यावर ठळक अक्षरांत तारीख, कुणाचा आहे ते नाव, आणि खाली दोन शब्द लिहा: पुसू नये.